प्रायोगिक लढाऊ विमानाचा अभ्यास कसा करावा : एफ-१८ 'हार्व्ह'च्या आधारे

एरोनॉटिक्सच्या विद्यार्थ्याला किंवा विमानांचा मनापासून अभ्यास करणाऱ्या वाचकाला उड्डाणचाचणी समजून घ्यायची असेल, तर एकच विमान निवडून त्याच्या खोलात जाणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. त्यासाठी मी नासाचे एफ-१८ 'हार्व्ह' (हाय अल्फा रिसर्च व्हेइकल), म्हणजे संशोधनासाठी बदललेले एफ-१८ लढाऊ विमान, सुचवतो. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावरच्या ड्रायडन केंद्रातून एप्रिल १९८७ ते सप्टेंबर १९९६ या काळात या विमानाने ३८५ संशोधन उड्डाणे केली आणि त्यांवरचे बहुतेक तांत्रिक अहवाल नासाच्या सार्वजनिक संग्रहात विनामूल्य वाचता येतात. एवढे साहित्य उघडपणे उपलब्ध असलेली बदललेली लढाऊ विमाने फार थोडी आहेत.

अभ्यासाची सुरुवात विमानाच्या छायाचित्रापासून न करता प्रश्नापासून करावी. वहीच्या पहिल्या पानावर, हे विमान कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बदलले गेले, ते एका वाक्यात लिहावे. हार्व्हच्या बाबतीत प्रश्न असा होता : आघातकोन, म्हणजे पंखाची रेषा आणि समोरून येणारी हवा यांच्यामधला कोन, खूप वाढला की विमानाभोवतीची हवा नेमकी कशी वागते, आणि विंड टनेलमधले (म्हणजे प्रतिकृतीवर जोराची हवा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातले) व संगणकावरचे अंदाज प्रत्यक्ष उड्डाणाशी कितपत जुळतात? हे वाक्य पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण विमानावरचा प्रत्येक बदल याच वाक्याशी ताडून पाहायचा आहे.

त्यानंतर हेच विमान का निवडले, याचा शोध घ्यावा. मूळ एफ-१८ कोणताही बदल न करता सुमारे ५५ अंशांच्या आघातकोनापर्यंत स्थिर उडू शकत होते, त्यामुळे या प्रश्नासाठी ते स्वाभाविकपणे योग्य होते. शिवाय हे विशिष्ट विमान एफ-१८ च्या विकासकाळातले असून नौदलाने ते आधी मोठ्या आघातकोनाच्या आणि स्पिनच्या, म्हणजे नियंत्रण सुटून विमान गरगरत खाली येण्याच्या, चाचण्यांसाठी वापरले होते. नासाकडे आले तेव्हा त्यातले बरेच भाग काढून घेतलेले होते आणि ते उड्डाणयोग्य करण्यातच पुष्कळ काळ गेला. प्रायोगिक विमाने बहुधा अशीच मिळतात. लढाऊ ताफ्याला नको असलेले विमान संशोधकांच्या हाती येते.

आता बदलांचा तक्ता करावा. त्यात बदल, त्याचा हेतू आणि त्याची किंमत असे तीन रकाने ठेवावेत. तिसरा रकाना कधीही रिकामा सोडू नये. हार्व्हवरचा सर्वांत ठळक बदल म्हणजे प्रत्येक इंजिनाच्या मागे बसवलेली, इनकोनेल या उष्णतारोधक मिश्रधातूची तीन वल्ह्यांसारखी पाती. ही पाती इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात शिरून त्याची दिशा बदलत असत, म्हणजेच थ्रस्ट व्हेक्टरिंग करत असत. त्यामुळे शेपटी आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभ्या शेपटीचा हलता भाग) निष्प्रभ झाल्यावरही वैमानिकाला नाक हवे तिकडे वळवता येई. या पात्यांसाठी नोझलच्या, म्हणजे इंजिनाच्या झोत सोडणाऱ्या तोंडाच्या, बाहेरच्या पाकळ्या काढाव्या लागल्या आणि विमानाच्या मागच्या टोकाला सुमारे एक टन वजन वाढले. मागे वजन वाढले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून पुढे भरीचे वजन ठेवावे लागले. स्पिनमधून बाहेर येण्यासाठीचे पॅराशूटही मागेच होते, त्याचीही भर पडली. एका बदलामुळे दुसरा आणि दुसऱ्यामुळे तिसरा कसा करावा लागतो, हे तक्ता भरताना आपोआप उलगडते, आणि माझ्या मते विमानरचना शिकण्याचा हा सर्वांत प्रामाणिक धडा आहे.

यानंतर मोजमापाकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. सर्वसाधारण चाचणीविमानाच्या नाकावर हवेची माहिती घेणारा लांब दांडा असतो, पण हार्व्हचा अभ्यास नाकापासून निघणाऱ्या भोवऱ्यांचा होता आणि नाकावरच्या दांड्यामुळे तेच भोवरे बिघडले असते, म्हणून आघातकोन मोजणारी उपकरणे पंखांच्या टोकांवर बसवली गेली. ज्याचा अभ्यास करायचा त्यालाच मोजण्याने धक्का लागू नये, हा विचार प्रत्येक प्रायोगिक विमानात कसा पाळला आहे, ते शोधून काढावे.

हवा दिसावी यासाठी केलेली योजना तर डोळ्यांसमोर उभी राहील इतक्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. विमानाचा बराच भाग काळा रंगवला होता आणि त्यावर लोकरीचे छोटे पांढरे धागे ओळीने चिकटवले होते. हवा पृष्ठभागाला धरून वाहते तेथे धागे शांतपणे एका दिशेला झोपतात, आणि ती सुटते तेथे ते थरथरतात किंवा उलटे फिरतात. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलेल्या धारदार भागाच्या, म्हणजे लेक्सच्या, टोकाजवळून धूर सोडला जाई. तो भोवऱ्याच्या गाभ्यात ओढला जाऊन दोरीसारखा मागे जाई आणि एका ठिकाणी अचानक फुटून पसरे. हा फुटलेला भोवरा उभ्या शेपट्यांवर आदळतो, त्यामुळे त्या हादरतात व त्यांचे आयुष्य घटते. म्हणून भोवरा कोणत्या आघातकोनाला कोठे फुटतो, ही माहिती सेवेतील एफ-१८ विमानांसाठीही मोलाची होती. नाकावर व लेक्सवर शेकडो बारीक छिद्रे पाडून त्यांतून रंग मिसळलेले ग्लायकॉल ईथर सोडण्याची तिसरी पद्धत होती. वैमानिक एकच आघातकोन मिनिटभर किंवा अधिक काळ काटेकोरपणे धरून ठेवी, द्रव उडून जाई, रंगाच्या रेषा पृष्ठभागावर वाळत आणि विमान उतरल्यावर त्यांची छायाचित्रे घेतली जात.

यातली धाग्यांची पद्धत घरीही करून पाहता येते. मॉडेल ग्लायडरचा पंख काळा रंगवावा, पांढऱ्या लोकरीचे तीन-चार सेंटिमीटरचे धागे, प्रत्येक धाग्याचे फक्त पुढचे टोक चिकटपट्टीखाली धरून, पंखभर चिकटवावेत, पंख स्टँडला घट्ट बांधून टेबल फॅनसमोर ठेवावा आणि कोन पाच-पाच अंशांनी वाढवत प्रत्येक वेळी मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. फॅनची हवा मुळातच फिरती असते, त्यामुळे आकड्यांवर भर न देता कोणत्या कोनाला मागच्या कडेचे धागे आधी बिघडतात, एवढेच नोंदवावे.

छायाचित्रात न दिसणारे बदल स्वतंत्रपणे शोधावे लागतात. हार्व्हमध्ये मूळ उड्डाणनियंत्रण संगणक तसेच ठेवून त्यांच्या जोडीला संशोधनासाठीची वेगळी प्रणाली बसवली होती. उड्डाण आणि उतरणे मूळ प्रणालीवर होई, सुरक्षित उंचीवर संशोधन प्रणाली चालू केली जाई, आणि काही बिघडले तर नियंत्रण मूळ प्रणालीकडे परत येई. या बाबतीत नासाचे जुने एफ-८ क्रुसेडर सोबत अभ्यासावे. २५ मे १९७२ रोजी गॅरी क्रायर यांनी ते वैमानिकाची दांडी आणि पंख-शेपटीवरचे हलते भाग यांच्यामधल्या यांत्रिक जोडणीशिवाय, अपोलो यानाच्या संगणकाच्या मदतीने उडवले. बाहेरून साधेच दिसणारे ते विमान आतून पूर्ण बदललेले होते.

मग उड्डाणांचा क्रम कालरेषेवर मांडावा. पहिल्या टप्प्यात पात्यांशिवाय १०१ उड्डाणे झाली आणि आघातकोन ५५ अंशांपर्यंत गेला. थ्रस्ट व्हेक्टरिंगची उड्डाणे १९९१ मध्ये सुरू झाली आणि त्या टप्प्यात सुमारे ७० अंशांपर्यंत नियंत्रित उड्डाण शक्य झाले. तिसऱ्या टप्प्यात, १९९५-९६ मध्ये, नाकाच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर उघडणाऱ्या सुमारे चार फूट लांब पट्ट्या बसवून नाकावरचे भोवरे हवे तसे वळवता येतात का, ते पाहिले गेले. आधी मूळ विमानाचे वर्तन नोंदवून ठेवले नसते, तर पात्यांचा परिणाम वेगळा काढताच आला नसता, म्हणून कोणत्याही प्रकल्पाचा पहिला, कंटाळवाणा वाटणारा टप्पा वगळू नये.

अहवाल वाचताना आलेखाचे दोन्ही अक्ष आणि एकके प्रथम पाहावीत, उंची बहुधा फुटांत व वेग माक अंकात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पटीत, असतो हे लक्षात ठेवावे आणि विंड टनेलचे बिंदू व उड्डाणाचे बिंदू वेगवेगळ्या रंगांनी आपल्या वहीत उतरवावेत. ते जेथे जुळत नाहीत तेथे लेखक काय कारण देतात, ते शब्दशः टिपावे. अहवालाचे खरे मोल तेथेच असते.

हार्व्ह नीट समजले की हाच तक्ता दुसऱ्या विमानावर लावावा. भारतीय वाचकाने त्यासाठी व्हिस्टा एफ-१६ घ्यावे, कारण हे विमान संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्या विमानासारखे वागू शकते आणि आपल्या तेजसचे नियंत्रण नियम तेजसच्या पहिल्या उड्डाणाआधी, १९९६ मध्ये, अमेरिकेत त्यावर तपासले गेले होते. २०२१ मध्ये त्याला एक्स-६२ए हे नाव मिळाले आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियंत्रणाखालीही ते उडवले गेले. त्याच्या तक्त्यातला 'बदल' हा रकाना जवळजवळ सगळा सॉफ्टवेअरने भरेल, आणि 'किंमत' या रकान्यात सुरक्षा-वैमानिकाने नियंत्रण परत घेण्याच्या व्यवस्थेला सर्वांत जास्त जागा द्यावी लागेल.