व्हीएम पासवर्ड घेत नाही? आधी कीबोर्ड तपासा

बडोद्यातल्या मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डची तीन लेआउट (अक्षरांच्या मांडण्या) ठरलेली: इंग्रजी, मराठी आणि गुजराती. त्यात जुनं टायपिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू ठेवायला ऑफिसच्या मशीनवर विंडोज ७ ची व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर. ऑफिस रावपुऱ्यात, आणि काम करणारा मांजलपूरला घरी लॅपटॉप उघडून बसलेला. एक बटण दाबलं की ते घरचं विंडोज, रिमोट डेस्कटॉप (दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर उघडणारी सोय), ऑफिसचं विंडोज आणि शेवटी व्हीएम, एवढा प्रवास करतं आणि वाटेत कुठेही त्याचं अक्षर बदलू शकतं. म्हणून ‘पासवर्ड चुकीचा’ असं आलं की लगेच पासवर्ड बदलायला धावू नका. तुम्ही टाकलेला पासवर्ड बहुधा बरोबरच असतो, पोचलेली अक्षरं वेगळी असतात.

नावाच्या रकान्यात टाइप करून बघा

पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यातून काहीच कळत नाही. आजूबाजूला कोणी नाही हे बघून तोच पासवर्ड युजरनेमच्या रकान्यात टाका, वाचा आणि पुसून टाका. एंटर मात्र दाबू नका. चुकीचं युजरनेम लॉगमध्ये नोंदलं जाऊ शकतं, म्हणजे तुमचा पासवर्डच तिथे उघडा पडेल. नावाचा रकाना दिसत नसेल तर लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या ‘ईझ ऑफ अॅक्सेस’मधून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. चालू लेआउटची अक्षरं त्याच्या बटणांवरच दिसतात.

देवनागरी किंवा गुजराती अक्षरं उमटली तर लेआउट बदललेलं आहे. परत बदलायला नव्या विंडोजमध्ये विंडोज आणि स्पेस, विंडोज ७ मध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट. हेच ऑल्ट-शिफ्ट घात करतं, कारण दुसऱ्याच कामासाठी दाबलं गेलं तरी लेआउट गुपचूप पुढे सरकतं, कधी होस्टचं (व्हीएम जिच्यावर चालते त्या मशीनचं), कधी व्हीएमचं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण मांडणीत क मराठीतही इंग्रजी के च्या बटणावर आणि गुजरातीतही तिथेच, त्यामुळे बोटांना फरक जाणवत नाही. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन हा शॉर्टकट बंद करणं उत्तम.

@ च्या जागी " आलं तर व्हीएममध्ये ब्रिटिश लेआउट बसलेलं आहे. आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. सिस्टिम बसवताना ‘इंग्लिश यूके’ निवडलं गेलं की शिफ्ट-२ वर " आणि शिफ्ट-३ वर पौंडाचं चिन्ह येतं. तोपर्यंत @ हवं असेल तर एंटरच्या डावीकडचं अवतरणचिन्हाचं बटण शिफ्टसह दाबा. आत गेल्यावर लेआउट कायमचं ‘यूएस’ करून टाका.

यू, आय, ओ, जे, के, एल यांच्या जागी ४, ५, ६, १, २, ३ आले तर नमलॉक चालू आहे. वेगळा नंबरपॅड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या जागी लहान आणि लहानांच्या जागी मोठी येत असतील तर कॅप्सलॉकची स्थिती दोन्हीकडे जुळलेली नाही. व्हीएमच्या आत एकदा दाबून सोडा. आंधळेपणाने प्रयत्न करत राहू नका. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये १० चुकीचे प्रयत्न झाले की खातं १० मिनिटं बंद होतं.

काहीच उमटत नाही तेव्हा

बहुधा कीबोर्ड व्हीएमच्या ताब्यात गेलेलाच नसतो. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खिडकीच्या आत क्लिक करा आणि खालच्या पट्टीतल्या उजव्या टोकाचा बाण बघा. बाहेर येण्यासाठी उजवं कंट्रोल. ज्या लॅपटॉपवर उजवं कंट्रोलच नाही, तिथे फाइल, प्रेफरन्सेस, इनपुट, व्हर्च्युअल मशीन इथे जाऊन होस्ट की (बाहेर पडण्याचं बटण) म्हणून दुसरं बटण नेमा. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये कंट्रोल-जी ने आत आणि कंट्रोल-ऑल्टने बाहेर. हायपर-व्हीमध्ये कंट्रोल-ऑल्ट-डावा बाण.

ताबा आहे आणि तरीही अक्षर येत नाही? मग फिल्टर कीज बघा. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिलं की विंडोज हे सुरू करायला बघतं, आणि सुरू झालं की पटकन दाबलेली बटणं सरळ गाळली जातात. शिफ्ट पाचदा दाबल्याने स्टिकी कीज लागतात, त्याही तपासा. तिसरी शक्यता अडकलेल्या बटणाची. ऑल्ट-टॅबने बाहेर पडताना ऑल्ट दाबल्याची खबर व्हीएमला पोचते, सोडल्याची पोचत नाही. व्हीएम समजते की ऑल्ट अजून दाबलेलंच आहे, आणि अक्षरांऐवजी मेनू उघडायला लागतात. दोन्ही बाजूंची ऑल्ट, कंट्रोल आणि शिफ्ट व्हीएमच्या आत एकेकदा दाबून सोडा.

याच्या उलट, एकदा दाबून ‘ककककक’ येत असेल तर बटण सुटल्याची खबर उशिरा पोचतेय. नेट मंद असलं किंवा होस्टवर ताण असला की हे होतं. व्हीएमच्या आत की-रिपीट बंद करा. लिनक्सच्या नोम (GNOME) डेस्कटॉपवर ते अॅक्सेसिबिलिटीच्या टायपिंग विभागात सापडतं.

मराठी टायपिंग कुठे लावायचं

व्हीएमला अक्षर मिळत नाही, बटणाचा क्रमांक मिळतो. म्हणून होस्टवर लावलेलं फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगवरून उमटणारी) मराठी व्हीएमच्या आत सहसा चालत नाही. नियम साधा: घरचा लॅपटॉप आणि होस्ट इंग्रजीत, मराठी फक्त सगळ्यात आतल्या मशीनवर. दोन ठिकाणी मराठी लावली की दोष कुठला ते शोधत बसावं लागतं.

शिफ्ट पोचतंय का हे बघायला इनस्क्रिप्टमध्ये दोन शब्द पुरतात: ‘बाळ’ आणि ‘पाणी’. ळ आणि ण दोन्ही शिफ्टवर आहेत. ‘बाल’ आणि ‘पामी’ उमटलं तर शिफ्ट वाटेत हरवतंय.

रिमोट लॉगिन: आतून बाहेर तपासा

घरून जमत नाही म्हणून घरूनच खटपट करत राहणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आधी व्हीएमच्या स्वतःच्या खिडकीत लॉगिन करा. मग होस्टवरून व्हीएमला. मग ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवरून. घर सगळ्यात शेवटी. जिथे अडेल तिथेच दोष, बाकीच्या पायऱ्यांना हात लावू नका.

लिनक्स व्हीएमला एसएसएचने (कमांड टाइप करून दूरच्या मशीनवर जाण्याच्या सोयीने) जाताना चूक सांगणारा संदेश नीट वाचा, कारण त्यातच दिशा असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नाही. उबुंटू डेस्कटॉपमध्ये ओपनएसएसएच-सर्व्हर आधीपासून बसवलेला नसतो, तो बसवा. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे रस्ताच नाही किंवा फायरवॉल आड येतंय. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारापर्यंत पोचलात, ओळख पटली नाही. तिथे पुन्हा कीबोर्ड, नाहीतर किल्लीच्या (पासवर्डऐवजी चालणाऱ्या) फाइलच्या परवानग्या. डॉट-एसएसएच फोल्डर ७०० आणि ऑथराइज्ड-कीज फाइल ६०० असावी, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडता येतात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क नॅट (होस्टच्या पत्त्याआडून नेट वापरणारं) ठेवलं असेल तर व्हीएमचा पत्ता साधारणपणे १०.०.२.१५ असतो आणि बाहेरून तो थेट दिसतच नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचं २२२२ पाहुण्याच्या, म्हणजे व्हीएमच्या, २२ ला जोडा, मग लोकलहोस्टच्या २२२२ वर लॉगिन करा. इथे एक फसवणूक आहे. व्हीएममध्ये एसएसएच बंद असलं तरी जोडणी आधी व्हर्च्युअलबॉक्स स्वतः स्वीकारतो, त्यामुळे ‘रिफ्यूज्ड’ऐवजी ‘रीसेट’ किंवा ‘क्लोज्ड’ दिसतं आणि लोक किल्ल्या बदलत बसतात. ऑफिसातल्या इतरांनाही व्हीएम लागत असेल तर ब्रिज्ड निवडा, म्हणजे व्हीएमला ऑफिसच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळतो. क्लोन करताना नवे मॅक (नेटवर्क कार्डाचे) पत्ते घ्यायला सांगा, नाहीतर दोन व्हीएम एकाच आयपीसाठी भांडतील.

विंडोज व्हीएमला रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९. होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो लागते. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज रिमोटवरून आत घेत नाही. पिनही चालत नाही, मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्डच टाकावा लागतो. रोज पिनने लॉगिन करणाऱ्याला तो आठवत नाही, हे वेगळं सांगायला नको. पिंगला (मशीन चालू आहे का विचारणाऱ्या हाकेला) उत्तर आलं नाही म्हणून मशीन बंद आहे असं धरू नका; विंडोजचं फायरवॉल पिंग अडवतं. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शनला ३३८९ देऊन बघा.

रिमोट डेस्कटॉप सत्र उघडताना घरच्या लॅपटॉपचं लेआउट सोबत नेतो. घरी गुजराती चालू असेल तर ऑफिसचं मशीनही गुजरातीत उघडतं. कायमचा उपाय ऑफिसच्या मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात): एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट. तिथे इग्नोअर-रिमोट-कीबोर्ड-लेआउट या नावाचं डीवर्ड (संख्येची नोंद) करा, किंमत १, आणि मशीन रीस्टार्ट करा. नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत, जोडून, मध्ये जागा न सोडता.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नेहमी समोरच्याच मशीनला लागतं. रिमोट डेस्कटॉपमधून ते पलीकडे पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड. पण हे ऑफिसच्या विंडोजपर्यंतच जातं. त्याच्या आतल्या व्हीएमसाठी व्हर्च्युअलबॉक्सच्या इनपुट मेनूत कीबोर्डखाली वेगळा पर्याय आहे, तोच वापरा.

घरून जायचं म्हणून राउटरवर ३३८९ इंटरनेटला उघडं करू नका. पासवर्ड ओळखून बघणारे प्रोग्रॅम अशा पोर्टवर सतत येऊन आदळत असतात. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, त्या व्हीएमला तर इंटरनेटची तोंडओळखही नको. वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद खासगी रस्ता) लावा. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामाईक नॅटच्या मागे आहात. तिथे व्हीपीएनसाठी पोर्ट उघडूनही काही उपयोग होत नाही. मग स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर टेलस्केलसारखी पोर्ट न उघडता जोडणारी सेवा वापरा.