‘पुट ऑफ’चं उलट ‘पुट ऑन’ नव्हे: फ्रेजल व्हर्बचे समानार्थी, विरुद्धार्थी आणि मूळ कसं शोधावं

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत फ्रेजल व्हर्बचा, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’ असा छोटा शब्द चिकटून वेगळा अर्थ देणाऱ्या क्रियापदांचा, तक्ता असतोच. पहिल्या रकान्यात क्रियापद, दुसऱ्यात समानार्थी, तिसऱ्यात विरुद्धार्थी. ‘पुट ऑफ’ या क्रियापदासमोर ‘पोस्टपोन’, त्यापुढे ‘पुट ऑन’. असे तक्ते घोकून आलेल्या मुलांना मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत आलो आहे आणि तिसरा रकाना खोडायला लावणं हे माझं ठरलेलं पहिलं काम. मग रकाना भरायचा कसा, ते याच एका क्रियापदावर दाखवतो. पद्धत बाकीच्यांनाही चालते.

१. शब्द नको, वाक्य उतरवा

क्रियापद ज्या वाक्यात भेटलं ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहा. नुसतं ‘पुट ऑफ’ लिहिलंत तर पुढचं सगळं वाया.

२. अर्थ सुटे करा

नमुना वाक्यं देणारा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. फ्रेजल व्हर्ब मूळ क्रियापदाच्या नोंदीत, बहुधा शेवटी असतात, म्हणून ‘पुट’ काढा आणि खाली उतरत जा. तारीख किंवा काम लांबणीवर टाकणे, हा पहिला अर्थ. माणसाला सबबी सांगून टोलवणे, हा दुसरा. एखाद्या वासाने जेवणावरची वासना उडते किंवा विक्रेत्याच्या आगाऊपणामुळे वस्तू घ्यावीशी वाटत नाही, हा तिसरा. खेळाडू नेम धरत असताना कुणी खोकून त्याचं लक्ष उडवलं तर ब्रिटिश माणूस त्यालाही ‘पुट ऑफ’च म्हणतो. शिवाय जुन्या इंग्रजीत जोडे-कपडे उतरवणे, आणि होडीने किनारा सोडणे.

आपल्याकडे सर्रास ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतात. घरात म्हणा, कुणी अडवत नाही. पेपरात मात्र ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ लिहा.

३. समानार्थी शब्द वाक्यात बसवून बघा

‘पोस्टपोन’ ठरलेल्या कार्यक्रमाला चालतो. ‘डिफर’ निर्णयाला, पैसे भरण्याला शोभतो. ‘अॅडजर्न’ म्हणजे तहकूब करणे. तो सभा, सुनावणी यांच्यासाठीच राखलेला, सहल ‘अॅडजर्न’ होत नाही. ‘डिले’ जपून वापरा, कारण पावसाने गाडीलाही ‘डिले’ होतो आणि ‘पुट ऑफ’मध्ये मात्र कुणीतरी मुद्दाम ढकललेलं असतं. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजे चालढकल करत राहणे. त्याला सहसा कर्म लागत नाही, ‘प्रोक्रॅस्टिनेट द मीटिंग’ असं वाक्य कानाला खटकलं पाहिजे. ‘कॉल ऑफ’ याला समानार्थी समजू नका. लांबलेलं लग्न होतं, ‘कॉल ऑफ’ झालेलं मोडलेलं असतं.

‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’ या दोन्ही क्रियापदांमागे आणखी एक क्रिया जोडायची तर तिला ‘इंग’ लागतं: ‘पुट ऑफ गोइंग’, ‘पोस्टपोन गोइंग’. ‘पुट ऑफ टू गो’ नाही. ‘इट’ आला तर तो मध्येच बसतो, ‘पुट इट ऑफ’.

४. विरुद्धार्थी: इथे घाई करू नका

उपपद, म्हणजे क्रियापदाला चिकटलेला छोटा शब्द, फिरवलं की अर्थ फिरतो, हा सल्ला ज्याने कुणी पहिल्यांदा दिला त्याने मराठी मुलांचं फार नुकसान केलं. ‘ऑफ’चं ‘ऑन’, ‘अप’चं ‘डाउन’, ‘इन’चं ‘आउट’. ‘पुट ऑफ’च्या ज्या अर्थांशी रोज गाठ पडते, त्यांतल्या एकालाही हा नियम लागू होत नाही. तो लागतो फक्त कपड्यांच्या जुन्या अर्थाला, आणि त्या अर्थाने ‘पुट ऑफ’ आज कुणी वापरत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. ‘गिव्ह डाउन’ लिहून दाखवणारे विद्यार्थी मला भेटले आहेत, आणि चूक त्यांची नव्हती, त्यांच्या गाइडाची होती.

खरी गोम तारखेच्या अर्थात आहे. मराठीत ‘पुढे ढकलणे’च्या उलट आपण ‘मागे ढकलणे’ म्हणत नाही, ‘अलीकडे आणणे’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे आणि ‘पुश बॅक’ म्हणजे पुढे ढकलणे! ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे आणि ‘बॅक’ म्हणजे मागे हे आपल्या डोक्यात पहिलीपासून पक्कं, त्यामुळे मेल वाचताना नेमका उलटा अर्थ लागतो. बुधवारची बैठक दोन दिवस ‘ब्रिंग फॉरवर्ड’ झाली तर ती सोमवारी. मराठी माणूस शुक्रवार धरून बसतो.

असं का होतं ते एकदा नीट पाहून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. मराठीत चालत जाणारे आपण असतो. तारीख वाटेत पुढे उभी असते, तिला आणखी पुढे लोटलं की ती लांब जाते. ‘ब्रिंग फॉरवर्ड’मध्ये घटना रेशनच्या रांगेसारख्या आपल्याकडे तोंड करून उभ्या असतात. रांगेत ‘फॉरवर्ड’ सरकलेला माणूस खिडकीजवळ येतो, म्हणजे आपल्याजवळ. ‘बॅक’ गेलेला शेपटाकडे जातो.

आता ‘मूव्ह फॉरवर्ड’. हा शब्दप्रयोग वापरूच नका. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ झाली, आता ती कधी, हा प्रश्न मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाच विचारला. काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. त्यांच्यातच एकमत नाही तर तुम्ही कशाला त्या फंदात पडता? अमेरिकेत अलीकडे आणण्याला ‘मूव्ह अप’ म्हणतात, ते ऐकून ठेवा. कोणतंही क्रियापद वापरलंत तरी मेलमध्ये नवा वार आणि तारीख लिहाच.

आणि ‘प्रीपोन’? ‘पोस्टपोन’ला आपल्याकडचा सरळ जोडीदार. तो चुकीचा आहे असं सांगणारे शिक्षक अजून आहेत. त्यांनी ऑक्सफर्डचा कोश उघडून पाहावा, शब्द तिथे आहे. गंमत म्हणजे 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एका वाचकाने नेमका हाच शब्द सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, भारतात रुजला. माझं मत स्पष्ट आहे: पुण्या-मुंबईच्या ऑफिसात ‘प्रीपोन’ बिनधास्त वापरा. लंडनच्या माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ बरा. परीक्षेत पर्यायांमध्ये ‘अॅडव्हान्स’ दिसला तर तो निवडा.

हे झालं तारखेचं. काम रेंगाळत ठेवण्याच्या उलट ‘गेट ऑन विथ’, म्हणजे लागलीच हात घालणे. माणसाला टोलवण्याच्या उलट ‘अटेंड टू’. मन उडण्याच्या उलट ‘अट्रॅक्ट’ किंवा ‘अपील टू’. या शेवटच्या अर्थाला ‘टर्न ऑफ’ हा समानार्थी आहे आणि त्याचं ‘टर्न ऑन’ खरोखरच होतं, म्हणजे उपपद फिरवणारे इथे जिंकतात. पण ‘टर्न ऑन’ला कामुक छटा आहे. साहेबांच्या प्रेझेंटेशनचं कौतुक करताना तो घालू नका.

सारांश रकान्यात लिहायचा झाला तर एका क्रियापदापुढे एक नाही, प्रत्येक अर्थापुढे एक विरुद्धार्थी शब्द लिहा. वही जाड होईल, होऊ द्या.

५. मूळ: दोन तुकडे आधी वेगळे पाहा

परदेशी माणसाला इंग्रजीतली सर्वांत मोठी अडचण क्रियापदाला चिकटणाऱ्या या छोट्या शब्दांची होते, हे सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925 च्या पुस्तकातून ते रूढ झालं.

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे. तिथे आधी ‘पुट’ पाहा, मग ‘ऑफ’. ‘पुट’चा जुना अर्थ नुसता ठेवणे नाही, ढकलणे, लोटणे असाही आहे, गोळाफेकीला ‘शॉट पुट’ म्हणतात त्यात तो टिकून राहिला. ‘ऑफ’ आणि एका ‘एफ’चा ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द; जोर देऊन उच्चारलं जाणारं रूप वेगळं झालं आणि सतराव्या शतकात स्पेलिंगही पक्कं वेगळं पडलं. दोन्ही तुकडे जोडले की ‘दूर लोटणे’ मिळतं. आपल्या ‘पुढे ढकलणे’पासून हे फार लांब नाही.

मग एखादं जुनं, तारीखवार वाक्य शोधा. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये देव मोशेला पायातले जोडे काढायला सांगतो, तिथे ‘पुट ऑफ’ आहे. कपड्यांच्याच अर्थाचे ‘डॉन’ आणि ‘डॉफ’ हे ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’ आकसून झालेले शब्द.

समानार्थी शब्दांची मुळंही याच बैठकीत उरका, कारण ती बहुतेक लॅटिन आहेत आणि सोपी आहेत. ‘पोस्टपोन’ म्हणजे नंतर ठेवणे. ‘प्रोक्रॅस्टिनेट’मध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या दडलेला आहे. ‘अॅडजर्न’ फ्रेंचमधून आला, त्यात दिवस आहे: अमुक दिवसावर नेणे.

एक सावधगिरी. फ्रेजल व्हर्बच्या जन्माच्या खलाशांच्या, शिपायांच्या गोष्टी इंटरनेटवर पोत्याने मिळतात. ‘पुट ऑफ’ला होडीचा अर्थ आहेच, त्यामुळे वादळात जहाजाचं निघणं लांबलं म्हणून हा शब्द आला, असं सांगणारा कुणीतरी भेटेल. त्याला विचारा, होडी ‘पुट ऑफ’ होते तेव्हा ती थांबते की निघते? निघते. आणि त्या अर्थाचं उलट ‘पुट इन’, बंदराला लागणे. गाइडाच्या तिसऱ्या रकान्यात तोही नसतो.