शटर अर्ध्यावर ओढल्यावर

गावात माझं मेडिकल आहे. बाजाराचं गाव, त्यामुळे दिवसभर काउंटरवर औषधांपेक्षा बातम्याच जास्त येतात. निम्म्याअधिक मोबाइलवरून आलेल्या आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या. ऐकून ऐकून माझंच डोकं सडायला लागलं होतं. म्हणून चार वर्षांपूर्वी शनिवारी रात्री साडेआठला शटर अर्ध्यावर ओढायचं आणि दहापर्यंत चार माणसांत मोठ्यानं वाचायचं, असं सुरू केलं. आता आम्ही नऊ जण आहोत. पाहुणे विचारतात, आमच्याकडे हे कसं सुरू करायचं? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी माणसं जमवा, पुस्तकाचं नंतर बघू. नुसती वाचणारी माणसं नकोत. आमच्यात डेअरीवर फॅट मोजणारा एक जण आहे, दोन अंगणवाडीताई आहेत, एक निवृत्त पोस्टमन आणि माझी वहिनी. जात आणि पक्ष यांची सरमिसळ हवीच, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघून माना डोलावतात आणि चहा पिऊन घरी जातात. येतानाच सगळ्यांचे मोबाइल सलाइनच्या रिकाम्या खोक्यात टाका. पहिले दोन आठवडे लोक कुरकुरतात, मग सवय होते.

‘घरून वाचून या’ असं कधीही सांगू नका. आमची पहिली बैठक यानंच तिसऱ्या आठवड्यात मोडली. शिवाय मी निवडलं होतं जगाच्या अर्थकारणावरचं जाडजूड पुस्तक. पोस्टमनकाका तर सरळ घोरायला लागले. तेव्हापासून नियम एकच: पुस्तक बारकं, जुनं आणि चिडलेलं हवं. प्रत्येकानं दोन पानं वाचायची, अडखळला तरी कुणी हसायचं नाही.

सुरुवातीला ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ घ्या. बुलढाण्याच्या या बाईंनी ते 1882 साली पुण्यात छापून घेतलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती शिक्षा पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी या निमित्तानं समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उलट प्रश्न केला: ज्या दुर्गुणांबद्दल बायकांना नावं ठेवता, ते पुरुषांत नाहीत काय? ताराबाईंवर तेव्हा त्यांच्याच लोकांनी टीका केली, तर 1885 मध्ये जोतिराव फुल्यांनी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक जे विस्मरणात गेलं, ते 1975 मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

हे मनात वाचलं तर जड जातं, वाक्यं लांबच लांब आहेत. पण वहिनी वाचायला लागली आणि दुसऱ्या पानावर तिचा आवाज चढला. अंगणात उभं राहून कुणाला तरी फैलावर घ्यावं, तशी ती भाषा आहे. डेअरीवाला मध्येच म्हणाला, ‘वहिनी, मी काय केलंय?’ त्या रात्री साडेदहा झाले तरी कुणी खोक्यातून मोबाइल उचलला नाही.

त्याच्यामागून फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) घ्या. त्यात कुणब्याच्या घराचं बारीकसारीक वर्णन आहे आणि बंधारे घालून पाणी-माती अडवण्याचा सल्लाही. शेतकरी गडी इथं वाद घालतातच, घालू द्या. फक्त आजच्या पक्षांची नावं निघाली की पुढचं पान उलटायचं. हा नियम मला स्वतःलाही जड जातो.

पुस्तकांना फार खर्च येत नाही. फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलंय. मुंबईला गेलात तर चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात डोकवा. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाणार असाल, तर शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी रिकामी पिशवी न्या.

पण नुसतं वाचून माणूस स्वतःवरच खूश होतो. हा रोग मला झाला होता. त्यावर ग्रामसभेला जाणं हा उतारा. जाण्याआधी ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च बघून ठेवा, एकाच कामाबद्दल विचारायचं ठरवा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. सभा चालायला, म्हणजे गणपूर्तीला, मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतला कमी आकडा लागतो. आमच्याकडे तो भरतच नाही. सभा तहकूब होते आणि नंतर ठराव कधी झाले ते कळतही नाही. शंभर माणसं म्हणजे एका लग्नाची पहिली पंगत, इतकीच.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे एका अंगणवाडीताईंना माहीत होतं. ताराबाई वाचून झाल्यावर त्यांनीच विषय काढला, ‘आपल्याकडची महिला सभा कधी कुणी बघितलीय का?’ कुणीच बघितली नव्हती. रजिस्टरात मात्र सह्या होत्या, त्यात माझ्या वहिनीचीही. सही घरी येऊन घेतली होती, कसली ते न सांगता.

पुढच्या ग्रामसभेआधी आमच्यातल्या तिघी घरोघरी फिरल्या. शाळेच्या व्हरांड्यात एकेचाळीस बायका आल्या. विषय दोनच ठेवले: शाळेतल्या मुलींच्या संडासाला लावलेलं कुलूप आणि वरच्या आळीचं पाणी. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी इतिवृत्त लिहिलं आणि रजिस्टर सहीला पुढे केलं. वहिनी म्हणाली, ‘आधी मोठ्यानं वाचा.’

रात्री ती दुकानात आली, चहा न घेता म्हणाली, ‘भावजी, कुलपाचं त्यात लिहिलंच नव्हतं. घालून घेतलं, मग सह्या केल्या.’