८७ मतांचा निकाल कसा तपासायचा: टेक्सस, १९४८

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात लिंडन जॉन्सन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) अवघ्या ८७ मतांनी जिंकले, आणि त्यात खोटी मतं घातल्याचा आरोप झाला. तो असा तपासायचा. आधी तारीख बघा. वाद २ नोव्हेंबरच्या सेनेट निवडणुकीचा नाही, २८ ऑगस्टला झालेल्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या दुसऱ्या फेरीचा आहे. त्या काळी टेक्ससमध्ये या पक्षाची उमेदवारी मिळाली की नोव्हेंबर नावापुरताच उरायचा. २४ जुलैच्या पहिल्या फेरीत माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन सत्तर हजारांहून जास्त मतांनी पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती, म्हणून दुसरी फेरी. नोव्हेंबरचे आकडे घेऊन बसलात तर घोळ सापडायचाच नाही.

मग कागदावर दोन आकडे मांडा. लिंडन जॉन्सन ४,९४,१९१, स्टीव्हन्सन ४,९४,१०४. फरक ८७, म्हणजे अकरा हजारांहून जास्त मतांमागे एक. एवढ्याशा फरकात बेरजेतली साधी दुरुस्तीही निकाल फिरवू शकते, आणि राज्यातल्या २५४ काउंट्यांतून (म्हणजे जिल्ह्यांतून) अशा दुरुस्त्या कित्येक दिवस येत होत्या. आकडा बदलला म्हणून लगेच घोटाळा म्हणू नका. चार रकाने पाडा: कुठे बदलला, किती उशिरा, कुणाच्या बाजूने, कशाच्या आधारावर.

असं मांडलं की जिम वेल्स काउंटीतल्या अ‍ॅलिस गावची १३ नंबरची मतपेटी नजरेत भरते. मतदान संपून सहा दिवस झाल्यावर तिथली मतं २०२ ने वाढली: २०० जॉन्सनना, २ स्टीव्हन्सनना. इथे बरेच जण नुसते २०० वजा करून मोकळे होतात. दोन्ही बाजूंची वाढ काढा. जॉन्सन ४,९३,९९१ वर येतात, स्टीव्हन्सन ४,९४,१०२ वर, म्हणजे स्टीव्हन्सन १११ मतांनी पुढे. या वाढीशिवाय निकाल उलटा लागला असता, एवढं आकडेमोडीने सिद्ध होतं. मतं खोटी होती हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

ते ठरवायला मतदान केलेल्यांची यादी लागते. खरी यादी ओबडधोबड असते: माणसं येतील त्या क्रमाने नावं चढतात, कधी लिहिणारा बदलतो, कधी शाई. स्टीव्हन्सन यांच्या ज्या माणसांना यादी ओझरती पाहायला मिळाली, त्यांनी सांगितलं की शेवटची दोनशेच्या वर नावं एकाच हाताची, एकाच शाईची आणि चक्क बरीचशी वर्णानुक्रमे होती. बेरजेतल्या ७६५ मधल्या सातचा नऊ केल्यासारखा दिसत होता, असंही ते म्हणाले. दोनशे माणसं आडनावाच्या क्रमाने रांगेत उभी राहत नाहीत. पुढची पायरी म्हणजे ही नावं मतदान कर (तेव्हा मत द्यायचं तर आधी भरावा लागणारा कर) भरलेल्यांच्या यादीशी ताडून बघणं (साठीपुढच्यांना कर माफ होता, हे विसरू नका), आणि त्या माणसांनाच विचारणं. काहींनी आपण मत दिलंच नाही, असं सांगितलं होतं.

शेजारच्या ड्युव्हल काउंटीत जॉन्सनना ९९ टक्क्यांवर मतं पडली. आकडा डोळे विस्फारायला लावतो, पण मागच्या निवडणुकांचे निकाल काढून बघा: तिथला पुढारी जॉर्ज पार याने पूर्वी असाच गठ्ठा स्टीव्हन्सन यांच्याही पदरात टाकला होता. ही बाजू वगळली तर तपास एकांगी होतो.

कोर्टाचं प्रकरण नीट लावा, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. १३ सप्टेंबरला पक्षाच्या राज्य समितीने २९ विरुद्ध २८ मतांनी जॉन्सनना विजयी ठरवलं. फेडरल (केंद्राच्या कोर्टाचे) न्यायाधीश डेव्हिडसन यांनी जॉन्सन यांचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर घालायला तात्पुरती मनाई केली आणि तपासणीसाठी माणसं धाडली. तपासणी चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी ती मनाई स्थगित केली. मुद्दा अधिकारकक्षेचा होता: राज्यातल्या निवडणुकीत फेडरल कोर्टाला हात घालता येतो का, मतं खरी की खोटी हा नाही. त्यामुळे ‘कोर्टाने निर्दोष ठरवलं’ आणि ‘कोर्टात घोटाळा सिद्ध झाला’, ही दोन्ही वाक्यं खोडा.

राहिली लुईस सालास यांची कबुली. ते १३ नंबरच्या केंद्रावरचे निवडणूक अधिकारी. पार यांच्या सांगण्यावरून खोटी मतं खरी म्हणून दाखवली, असं ते १९७७ मध्ये म्हणाले. यादीच्या वर्णनाशी हे जुळतं, म्हणून वजन आहे. पण तोवर २९ वर्षं लोटली होती, जॉन्सन १९७३ मध्ये आणि पार १९७५ मध्ये वारले होते, उलटतपासणी झालीच नाही. तेव्हा ती पुरावा म्हणून नाही, साक्ष म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा आणि समोर वर्ष टाका.