मातीतला स्फुरद सूक्ष्मजीवांकडून मोजायचा असेल तर

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून माती परीक्षणाकडे वळणारी मुलं मला विचारतात, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की चमकणाऱ्या जिवाणूंवर काम कुठून सुरू करायचं? मी सांगतो, आधी मातीतला उपलब्ध स्फुरद मोजण्याच्या ऑल्सेन या रासायनिक पद्धतीवर हात बसवा. ८.५ सामूचं (pH) सोडियम बायकार्बोनेट, अर्धा तास शेकर, मग निळ्या रंगाचं वाचन. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत बराचसा स्फुरद कॅल्शियमला बांधलेला असतो. त्यातला किती सुटतो हे स्वतः पाहिलं, की पुढचं सगळं उलगडतं.

मग अॅस्परजिलस नायजर घ्या. १९३०च्या दशकापासून ही बुरशी मातीच्या परीक्षणात आहे आणि तिला महागडं यंत्र लागत नाही. स्फुरद सोडून बाकी सगळी अन्नद्रव्यं असलेल्या द्रावणात मोजून माती घाला आणि बीजाणू सोडा. काही दिवसांनी वर बुरशीची साय धरते. उपाशी फ्लास्कमधली साय पातळ, चिमट्याने उचलताच फाटणारी. स्फुरद मिळालेली जाड, घड्या पडलेली. ती धुऊन, वाळवून वजन करा. तळाला चिकटलेले मातीचे कण नीट धुतले नाहीत, तर वजन फुगतं. मात्र ही बुरशी सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडते, बांधलेला स्फुरदही विरघळवते. त्यामुळे चुनखडीच्या मातीत तिचा आकडा पिकाला खरोखर मिळणाऱ्या स्फुरदापेक्षा जास्त येऊ शकतो.

चमकणाऱ्या जिवाणूंचं गणित उलटं. स्फुरद कमी पडला की पेशीत फॉस्फेटेज हे स्फुरद सोडवणारं विकर बनवणारं जनुक चालू होतं. ते जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाला (प्रमोटरला) प्रकाशाची लक्स जनुकं जोडली, की उपासमार उजेडात दिसते. पण उजेडाला ऊर्जा आणि ऑक्सिजनही लागतो. वाचन मंद आलं म्हणजे स्फुरद भरपूर आहे, की मातीतल्या तांब्याने किंवा क्षाराने पेशीच आजारी पडली आहे? हे ओळखायला कायम चमकणारा दुसरा जिवाणू त्याच मातीच्या द्रावणात शेजारी ठेवावाच लागतो. शिवाय गढूळ द्रावण स्वतःच उजेड गिळतं, म्हणून उजेडावरून स्फुरद वाचायचा प्रमाणित आलेख शुद्ध पाण्यात नव्हे, त्याच मातीत ठरावीक स्फुरद मिसळून काढा. मला वाटतं, या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

असे जिवाणू जनुकीय बदलाचे असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या आणि काम बंद प्रयोगशाळेतच ठेवा. मार्गदर्शकांशी बोलताना कुंड्यांसाठी जागाही मागून ठेवा: त्याच मातीत मका किंवा ज्वारी वाढवून, पानांतला स्फुरद मोजून, ऑल्सेन, बुरशी आणि जिवाणू हे तिन्ही आकडे त्याच्या शेजारी मांडायचे आहेत.