हिटलर थंडीने हरला? भाषणात या चुका टाळा

‘हुकूमशहाचा फाजील आत्मविश्वास आणि पराभव’ हा वक्तृत्व स्पर्धांचा ठेवणीतला विषय. कोल्हापुरात गणपती उठले की पोरं माझ्याकडे भाषणं ऐकवायला येतात. बहुतेकांची सुरुवात ‘अति तेथे माती’ने होते. पुढे हिटलर, रशिया, बर्फ, टाळ्या.

पहिली चूक या बर्फाचीच. “थंडीनंच मारलं की हो सर!” अरे, थंडी पडायच्या आधीच गाडं अडलं होतं. २२ जून १९४१ला जर्मनांचे तीस लाखांवर सैनिक रशियात घुसले, त्यांच्याबरोबर सहा लाखांवर घोडे होते. रणगाड्यांच्या फोटोंमुळे हे घोडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यात रशियन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, जर्मन रुळांपेक्षा जास्त. मिरजेला उतरून पंढरपूरच्या छोट्या गाडीत बसलेले आजोबा घरात असतील तर विचारा, गेज बदललं की सामानाचे काय हाल होतात. इथे तर अख्ख्या फौजेची रसद होती. ऑक्टोबरात चिखल झाला, मग थंडी. गरम कपडे पुरेसे नव्हते, कारण लढाई हिवाळ्याआधीच आटोपणार असं धरूनच चालले होते. भाषणात हे गृहीतक आधी सांगा, बर्फ नंतर.

दुसरी चूक, सगळं खापर एकट्या हिटलरवर फोडणं. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर यानेही ३ जुलै १९४१ला डायरीत लिहून टाकलं होतं की मोहीम दोन आठवड्यांत जिंकल्यातच जमा आहे. ११ ऑगस्टला त्याच डायरीत कबुली: रशियाच्या २०० डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) धरल्या होत्या, मोजल्या तर ३६०! युद्धानंतर बऱ्याच सेनापतींनी आठवणी लिहून हात झटकले. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडलं.

तिसरी चूक मला सगळ्यात खटकते. आत्मविश्वास ‘होता’ म्हणता, पण तो आला कुठून? जिंकण्यातून आला. १९४०मध्ये सेनापती कचरत होते, तरी फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. डिसेंबर १९४१मध्ये मॉस्कोसमोर हिटलरने ‘मागे हटायचं नाही’ असा हुकूम काढला आणि आघाडी टिकली. १९४२च्या सुरुवातीला रशियातल्या देम्यान्स्कला वेढ्यात सापडलेल्या सुमारे १ लाख सैनिकांना विमानांनी जगवलं. प्रत्येक वेळी पैज जिंकली. म्हणून नोव्हेंबर १९४२मध्ये स्टालिनग्राडला अडीच लाखांवर माणसं कोंडली गेली, तेव्हा तोच डाव पुन्हा टाकला: हटायचं नाही, विमानं पुरवतील. हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने हो म्हटलं. रोज निदान ३०० टन लागणार होते, पोचत होते सरासरी १०० टनांच्या आसपास. तालमीतल्या पोराला हे वेगळं सांगावं लागत नाही. एकाच डावावर दोन कुस्त्या मारलेला गडी तिसऱ्याला तोच डाव टाकतो आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो. २ फेब्रुवारी १९४३पर्यंत शरणागती पूर्ण झाली. सुमारे ९१ हजार कैद झाले, त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार घरी परतले.

‘हुकूमशहा हरतोच’ असं ठोकून देऊ नका. रशियाचा हुकूमशहा स्टालिन यानेही १९४१मध्ये हल्ल्याचे इशारे धुडकावले होते. पण पुढच्या वर्षी तो झुकोव्ह, वासिलेव्हस्की या आपल्या सेनापतींचं ऐकू लागला.

कोल्हापूरचा संदर्भ हवा असेल तर ओढूनताणून पन्हाळा आणू नका. कोल्हापूरशेजारचं आपलं वळिवडे आहे. स्टालिनने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेले पोलिश लोक सुटले, ते हिटलरने त्याच्यावर हल्ला केल्यामुळे. स्टालिनला मित्र हवे झाले. सुटलेल्या या पोलिश लोकांतले काही इराणमार्गे इथवर आले. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण वळिवड्याच्या छावणीत राहिले. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले. आज आपण होलसेल कापडासाठी जिथे जातो, ते गांधीनगर याच जागेवर उभं आहे.