पॅसिफिकमध्ये क्रू म्हणून जायचंय? आधी पाना-पक्कड हातात घ्या

पनामाहून न्यूझीलंडला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांवर दर हंगामात नव्या हातांची गरज असते. नवख्याला धास्ती असते शीड सांभाळण्याची. ते काम काही आठवड्यांत अंगवळणी पडतं, कारण या वाटेवर व्यापारी वारे बहुतेक वेळ मागूनच असतात. माणूस खरा लागतो तो दुरुस्तीला, म्हणून तयारीचा भर तिथे द्या.

सगळं वेळापत्रक चक्रीवादळांवर बेतलेलं असतं. दक्षिण पॅसिफिकमध्ये त्यांचा हंगाम 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल. म्हणून होड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पनामा सोडतात, जून-जुलै ताहितीच्या आसपास काढतात आणि टोंगा, फिजी करत नोव्हेंबरच्या सुमारास न्यूझीलंड गाठतात. सगळ्यात लांब पल्ला गालापागोस बेटांपासून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपर्यंत, सुमारे 3,000 सागरी मैल. 5 नॉटचा वेग धरला तर दिवसाला 120 मैल, म्हणजे 25 दिवस, आणि मध्ये एकही बंदर नाही.

होडी पाण्याबाहेर काढून काम करता येईल अशा जागा मोजक्याच. मार्केसासमध्ये हिवा ओआ, तुआमोतू या प्रवाळबेटांत अपाताकी, पुढे ताहितीजवळचं रायाटेआ, फिजीत वुडा आणि शेवटी न्यूझीलंडचं फांगारेई. सुटे भाग आणि विमानसेवा यांसाठी ताहितीचं पापीते. मधल्या बेटांवर फारशी आशा ठेवू नये. न्युए बेटावर तर होडी बोयाला, म्हणजे तरंगत्या पिंपाला बांधायची आणि किनाऱ्यावर जायची छोटी नाव, डिंगीसुद्धा क्रेनने उचलून धक्क्यावर ठेवायची. म्हणून समुद्रात काही बिघडलं की आधी विचार करायचा, हे तात्पुरतं बांधून पुढच्या दुरुस्तीच्या यार्डापर्यंत नेता येईल का.

सगळ्यात जास्त जपायचं ते डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांना. स्टेनलेसची 19 धाग्यांची ही तार तुटते ती बहुधा खालच्या टोकाला, जिथे ती दाबून बसवलेल्या फिटिंगमध्ये शिरते. तिथे खारं पाणी साचतं, हवा पोचत नाही आणि आतून गंज चढतो. शिवाय मागून वारा असला की होडी सतत डुलते, प्रत्येक डोलीला एक बाजू सैल पडते आणि पुन्हा ताणली जाते, त्याने धातू थकतो. रोज सकाळी टिश्यू पेपर घेऊन तार वरून खाली पुसायची. कागदाचा तंतू अडकला तर एखादा धागा तुटलाय असं समजा. फिटिंगला केसाएवढी चीर किंवा तांबूस ओघळ दिसला तरी कप्तानाला लगेच सांगा, पहाऱ्याची पाळी संपायची वाट पाहू नका.

तार तुटलीच तर क्रम चुकवू नका. पहिल्यांदा होडी अशी वळवायची की तुटलेली बाजू वाऱ्याच्या आडोशाला जाईल. मग शीड कमी करायचं. मग मोकळा हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, त्या बाजूला तार जिथे होडीला अडकवलेली असते त्या पट्टीपर्यंत आणून विंचने, म्हणजे दोर ताणायच्या चक्राने ताणायचा. डोलकाठी स्थिर झाल्यावरच डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर किंवा नवी तार बसवायची. त्यासाठी सगळ्यात लांब तारेइतकी एक तार, पान्याने बसणारी दोन-तीन टोकं आणि डझनभर वायर क्लॅम्प होडीवर हवेत.

हॅलियार्ड कप्पीवर एकाच जागी घासत राहतो. रोज 10-15 सेंटिमीटर सैल किंवा ताठ केला की घासणं वाटलं जातं. एवढ्यानेच कित्येक दोर वाचतात.

इंजिनाचं दुखणं बहुधा डिझेलमध्ये असतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत बाष्प धरतं, पाणी तळाला साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा गाळ होतो. शांत समुद्रात तो तळाशी पडून राहतो, लाटांनी ढवळला की नेमका खाडीच्या तोंडाशी फिल्टर तुंबतो. कॅनमधलं डिझेल जाळीच्या नरसाळ्यातूनच ओता, फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी रोज काढा आणि फिल्टर डझनाने बाळगा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक बदलताना तुटलेल्या पात्या मोजा. एखादी कमी भरली तर ती पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे इंजिनाची उष्णता काढणाऱ्या भागात अडकलेली असणार. ती शोधल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

सुकाणूकडे लोक उशिरा बघतात. भारतीय नौदलाची गोव्यात बांधलेली शिडाची होडी आयएनएसव्ही तारिणी 2018 मध्ये जगप्रदक्षिणेच्या अखेरच्या टप्प्यात सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला पोर्ट लुईत थांबली होती. केबलचा ताण तपासा आणि सुकाणू हाताने फिरवायचा आणीबाणीचा दांडा बंदरातच एकदा बसवून पाहा.

तुआमोतूत आणखी एक शिकावं लागतं. लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या पाण्यात शिरायची वाट अरुंद, प्रवाह जोरदार. पाणी थांबतं त्या वेळी, ऊन डोक्यावर असताना शिरायचं. मात्र दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत असतील तर प्रवाळाच्या कड्यावरून पाणी आत भरत राहतं आणि ओहोटी संपली तरी प्रवाह बाहेरच धावतो, तेव्हा वेळापत्रकावर विसंबू नये. आत नांगर टाकताना पहिली 10-15 मीटर साखळी वाळूवर पडू द्यायची आणि पुढे दर 5-6 मीटरला बोया बांधायचा. नाहीतर वारा फिरला की साखळी प्रवाळाला वेढे घालते, धक्क्याने विंडलासचे, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राचे दात जातात आणि शेकडो वर्षांचं प्रवाळही मोडतं.

कागदपत्रांत भारतीयांनी एक लक्षात ठेवावं: शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियात चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो. होडी सोडताना क्रू-यादीतून नाव काढून घ्या. कप्तान तुमच्यासाठी जबाबदार असतो, म्हणून परतीच्या तिकिटाचा विषय तो काढणारच. खाजगी होडीवर पगार नसतो, उलट जेवणखर्चाचा वाटा द्यावा लागतो, हे निघण्याआधी लेखी ठरवा. त्याच वेळी डोलकाठीच्या तारांचं वय आणि इंजिनाची वही विचारा. उत्तर टाळलं गेलं तर दुसरी होडी शोधा.

न्यूझीलंडमध्ये होडीचा तळ स्वच्छ असावा लागतो. पोचण्याआधीच्या 30 दिवसांत घासला असेल तर तारखेचे फोटो आणि यार्डाची पावती जपून ठेवा. फिजीत पाण्यात उतराल तेव्हा सुकाणूच्या बिजागऱ्या, प्रोपेलरचा दांडा आणि पाणी आत घेणाऱ्या छिद्रांच्या जाळ्या आधी घासा. बार्नॅकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचधारी जीव, तिथेच दडून राहतात.